बारसमोरची गाडी

आमच्याकडे माणूस दारू पितो हे कुणी लपवत नाही. पिणारा लपवत नाही आणि बघणाराही फार मनावर घेत नाही. जत्रा असो, हळद असो, बोअरला पाणी लागो किंवा न लागो, माणसं पितात आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून कोण कुठे पडला होता ते हसत हसत सांगतात. लग्न होऊन किकवीत आले तेव्हापासून मी हे ऐकतेय. माझ्या नवऱ्याबद्दलही असंच हसत सांगितलं जायचं. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून मी गावात जरा खडूस बाई म्हणून ओळखली जाते. असू दे.

हे वरव्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करतात. हाताला सफाई आहे. सकाळचा माणूस म्हणाल तर सोन्यासारखा. पाणी भरून देईल, गोठा झाडेल, माझ्या मशीनला तेल घालेल. मी ब्लाउज शिवते. आमची लेक नसरापूरला अकरावीत जाते. ही झाली सकाळ. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मी आधी आवाजावरून अंदाज घ्यायचे, मग दारात उभी राहून वास घ्यायचे. ही माझी रोजची हजेरी होती.

उपाय सगळे करून झाले होते. कुणीतरी दिलेली पूड मी चहातून घातली. त्यांना जुलाब झाले, दारू तशीच राहिली. सासूबाईंनी गळ्यात माळ घालायला लावली. मग हे प्यायच्या आधी माळ काढून गाडीच्या आरशाला अडकवायचे आणि पिऊन झाल्यावर पुन्हा गळ्यात घालायचे. देवाला फसवल्यासारखं होऊ नये म्हणून, असं मला वर समजावलं होतं. मी इतकी भडकले होते की त्या दिवशी मीही जेवले नाही आणि घरात कुणालाही जेवू दिलं नाही.

लेक नववीत असताना तिला क्लासवरून आणताना ह्यांनी गाडी घातली चरीत. हनुवटीला टाके पडले. खूण अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हे तिच्या कॉटजवळ बसले आणि शपथ घ्यायला म्हणून त्यांनी तिच्या डोक्याकडे हात नेला. तिनं डोकं बाजूला घेतलं. नुसतं उशीवरून डोकं पलीकडे केलं. शपथ तोंडानंच झाली आणि दसऱ्याच्या आत मोडली. तेव्हापासून लेक त्यांच्या गाडीवर बसली नाही. एसटी चुकली तर चालत यायची, पण बसायची नाही.

मी ब्लाउजच्या अस्तराचं कापड आणायला भोरला जाते. तिथे एका भिंतीवर रंगवलेलं होतं, दारू सोडायची इच्छा असेल तर फोन करा. त्या भिंतीपुढून मी कितीतरी वेळा गेले असेन. पण शपथ मोडल्यानंतर गेले तेव्हा थांबले, आणि नंबर मोबाईलमध्ये 'अस्तरवाला' म्हणून ठेवला. घरी फोन करायची सोय नव्हती. शेताच्या बांधावर जाऊन केला.

पलीकडचा माणूस अदबीनं बोलत होता. मला वाटलं डॉक्टर असेल. मी सगळं भडाभडा सांगितलं आणि म्हटलं, "तुमी औषध काय देता?"

"औषध न्हाई ताई. आमी सगळे दारू सोडलेले. म्या बी दारुडाच हाय."

मला रागच आला. म्हटलं, "दारुड्यानं दारुड्याला काय शिकवायचं?"

तो हसला. म्हणाला, "व्हय, बरूबर हाय तुमचं. मालकांना घेऊन या."

"येत न्हाईत."

"मग तुमी या. घरच्या माणसांना यायला चालतं."

मी गेले. का गेले ते नक्की सांगता येणार नाही. बहुतेक त्या माणसाला खोटं पाडायला. भोरमध्ये एका शाळेच्या वर्गात मिटिंग होती. दारूनं पोळलेली दांडगी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भिंतीवर बाराखडी, पाढे, फळांची चित्रं. एकेकानं उठायचं, आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गुमान ऐकायचं. सल्ला कुणी कुणाला द्यायचा नाही. आमच्याकडे सल्ला न देता दोन माणसं बसलेली मी प्रथमच पाहिली. मग एक नियम सांगितला, की इथे ऐकलेलं इथेच ठेवून जायचं, आणि इथे कोण दिसलं तेही. मी पदर पुढे ओढून मागच्या बाकावर बसले होते आणि पुढच्याच बाकावर माझ्या मावसभावाचा साडू बसला होता. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि दोघांनी भिंतीवरच्या अननसाकडे बघितलं. त्या नियमाचं मला फार बरं वाटलं. पुढे एका लग्नात तो भेटला तेव्हा त्यानं मला नुसतं पाणी आणून दिलं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. वाटलं होतं ऐकतील. "बाईमाणूस बेवड्यांच्यात जाऊन बसली?" म्हणून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. म्हणाले, "मी काय तसला बेवडा हाय का, मिटिंगला जायला?" मी म्हटलं, तुम्ही कसले आहात ते लेकीच्या हनुवटीवर लिहिलंय. मग मीही मिटिंगला जायचं सोडलं. आणि एका सकाळी, हे शुद्धीत असताना, शांतपणे सांगितलं, "पुन्हा प्यालात तर मी लेकीला घेऊन माहेरी जाणार, आणि परत येणार नाही." माझं माहेर वेल्ह्याकडच्या डोंगरात आहे. भावाची गुरं आहेत, दोन खोल्या आहेत, त्यातली एक त्यानं मला देऊ केली होती. ह्यांनी ऐकून घेतलं. शपथ घेतली नाही, शब्द दिला नाही, चप्पल घालून कामाला गेले. मी समजले, ह्यांनी दारूच्या बाजूनं निकाल दिला.

त्यानंतर वास यायचा बंद झाला. म्हणजे दारूचा. त्याऐवजी लवंगेचा यायला लागला. आता नवऱ्याच्या तोंडाला रोज लवंगेचा वास येत असेल तर बायको काय समजेल? मी समजले, हे आता हुशार झाले. बोलणंही कमी झालं होतं. बुधवारी आणि शनिवारी यायला उशीर व्हायचा. विचारलं की "काम हुतं" एवढंच.

मग एके दिवशी जाऊ सांगत आली. "भावजींची गाडी कामथडीच्या बारसमोर हुती गं. मला काय, दिसली म्हनून सांगितलं." गाडी ओळखायला नंबर बघायची गरज नव्हती. तिच्या सीटला मीच कव्हर शिवलं होतं, पडद्याच्या उरलेल्या कापडाचं, हिरव्यावर मोठी पिवळी फुलं. पावसात सीट भिजू नये म्हणून खालून प्लास्टिक लावून, कडेला नाडी घालून, झकास शिवलं होतं. तसलं कव्हर सबंध हायवेवर दुसरं नव्हतं. पुढच्या बुधवारी गाडी पुन्हा तिथेच. शनिवारी आणखी कुणी पाहिली. माझीच फुलं मला बारसमोरून डोळे दाखवत होती.

मी अस्तरवाल्याला फोन लावला. त्याचा काही दोष नव्हता, पण माझा राग नेहमी जो उचलतो त्याच्यावरच निघतो. म्हटलं, "तुमच्या मिटिंगचा आमाला काय उपयोग झाला? हे बारमदी जाऊन बसत्यात. आता मी चालले माहेरी."

पलीकडे तो नुसता खाकरला. 

"ताई," तो म्हणाला, "घाई करू नका."

"का करू नको? एक कारण सांगा."

"मला सांगता येत न्हाई. तुमी नियम ऐकलाय. पर घाई करू नका, एवढंच म्हंतो. शनवारी मिटिंगला या."

मी म्हटलं, तुमच्या मिटिंगला आग लागो, आणि फोन ठेवला. भावाला फोन केला. तो म्हणाला, रविवारी सकाळी जीप घेऊन येतो, तयार राहा.

शनिवारी दुपारी बॅगा भरल्या. लेकीनं तिची स्वतः भरली, पुस्तकं खाली, कपडे वर, मला विचारलंसुद्धा नाही. मी पाहत होते आणि डोक्यात एकच बसलं होतं, ते सीटचं कव्हर. मी जाणार, आणि माझ्या हातचं काम तिथे दारूच्या दुकानापुढे मिरवत राहणार. ते मला चालणार नव्हतं. माणूस राहू दे बारमध्ये, पण माझं कापड नाही. मी धाग्याची कातर कमरेला खोचली आणि वडापच्या जीपमध्ये बसून कामथडीला उतरले.

अजून उजेड होता. गाडी होती, अगदी दारापुढे, कुणाच्याही नजरेत भरेल अशी. मी सरळ जाऊन नाडी कापायला लागले. नाडी मी दुहेरी घातली होती, कापता कापेना. आतून लोक बघायला लागले. बारचा मालक बाहेर आला. धिप्पाड माणूस, खांद्यावर टॉवेल.

"वहिनी, काय करताय?"

"माझं हाय, कापतेय. त्यांना बोलवा बाहेर."

"कुनाला?"

"ज्यांची गाडी हाय त्यांना."

त्यानं टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. म्हणाला, "ते हितं नसत्यात, वहिनी. आत येऊन बगा पायजे तर. गाडी लावत्यात आन् मागच्या बोळानं शाळंकडं जात्यात. तिथं ती दारू सोडायची मिटिंग असती, बुधवार-शनवार. नवीनच चालू झालीया." आणि मग त्याचं खरं दुखणं बाहेर आलं. "अजून दोघं-तिघं तसंच करत्यात. मिटिंगला जाताना कुनी बगू नये म्हनून गाडी माझ्या दारात. एक थेंब घेत न्हाईत आन् जागा अडवत्यात. तुमी सांगा त्यांना जरा."

मी कातर हातात घेऊन उभी राहिले. फोनवरचा माणूस इथल्या मिटिंगलाही येत असणार, तो जाणत होता आणि सांगू शकत नव्हता. ह्या दारूवाल्याला कसला नियम नव्हता, म्हणून त्यानं सांगितलं. आणि माझा नवरा, त्याला सगळ्या दुनियेनं बारमध्ये बसलेला समजलं तरी चालत होतं, पण मिटिंगला जाताना एका माणसानंही पाहिलेलं चालणार नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. मी अजून विश्वास ठेवला नव्हता, हेही खरं. मी बोळानं शाळेकडे गेले.

वर्गाची एक खिडकी बोळाच्या बाजूला होती. आत तसेच बाक, तशीच माणसं. गुरुजींच्या टेबलावर चहाची किटली आणि एका वाटीत लवंगा. हे उभे होते. लेथवर उभे राहतात तसे, एक खांदा किंचित खाली करून. असं खिडकीतून ऐकणं बरोबर नव्हतं. पण मी खिडकीच्या गजाला धरून ऐकत राहिले.

"माझ्या पोरीनं डोकं बाजूला घेतलं," हे सांगत होते. "हात तसाच वर राहिला. बायकोला वाटतं माझ्या ध्यानात न्हाई. मी तवा शुद्धीत हुतो. समदं ध्यानात हाय. त्या हाताचं काय करू हे मला अजून कळलं न्हाई."

एवढंच बोलून खाली बसले. कुणी सल्ला दिला नाही. एकानं लवंगांची वाटी पुढे सरकवली.

मला खरोखरच वाटलं होतं की त्यांच्या ते लक्षातही नसेल. इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडाचा वास घेत आले, आणि ह्या माणसाच्या मनात काय आहे ते मला शाळेच्या खिडकीतून ऐकावं लागलं. मी रडले, तिथेच बोळात, तोंडात पदर घालून. मग मागे फिरले आणि बारसमोर जाऊन गाडीवर बसले. येणारे-जाणारे बघत होते. बाई बारपुढे गाडीवर बसलीय म्हटल्यावर बघणारच. बघू दे म्हटलं.

हे बोळातून आले आणि मला पाहून जागीच थबकले. चेहरा पांढराफटक.

"मी प्यालेलो न्हाई," हे म्हणाले.

"मी विचारलं का?"

त्यांनी कापलेली नाडी पाहिली. मी वास घ्यायला पुढे झाले नाही, हेही त्यांनी पाहिलं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "उद्या दादा न्यायला येतोय आमाला. बॅगा भरल्यात. मी जाईन म्हटलेलं ठाऊक असून गप बसलात?"

ते गाडीच्या आरशाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "पिताना कुनी बगत न्हाई गं. सोडताना समदे बगत्यात. उद्या पडलो तर? तुला सांगितलं की ती शपथ हुती. पोरीला सांगितलं तर परत शपथ. आता परत तिच्याफुडं मोडायची न्हाई मला. मोडली तर माझी माझ्यापुरतीच मोडावी."

मी कातर परत कमरेला खोचली. मग म्हटलं, "बुधवारपासून गाडी शाळंच्या दारात लावायची."

"लोक काय म्हंतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि ह्या मालकाची जागा अडते."

मालक दारातूनच म्हणाला, "तेच म्हंतोय मी."

घरी आलो. लेक बॅगेशेजारी बसली होती. खिडकीतून ऐकलेलं मी तिला सांगितलं नाही. ते सांगायचं तर त्यांनी सांगायचं. एवढंच म्हटलं, की पप्पा बारमध्ये जात नाहीत, मिटिंगला जातात, आणि आपण उद्या जात नाही. तिनं माझ्याकडे आणि मग भिंतीकडे पाहिलं. म्हणाली, "तू राहा." सकाळी भाऊ आला, चहा प्याला, माझ्यावर चिडला, "पुन्यांदा मला बोलावू नगंस" म्हणून जीप वळवून निघून गेला. लेक त्याच्याबरोबर गेली नाही, पण बॅगही रिकामी केली नाही. रोज त्यातून एक ड्रेस काढायची आणि धुऊन वाळला की घडी करून परत त्यातच ठेवायची. मी पाहत होते. काही बोलले नाही. मिटिंगमध्ये शिकलेली एवढी एकच गोष्ट मला जमली.

बुधवारी गाडी शाळेच्या पुढच्या बाजूच्या फाटकासमोर लागली, हायवेवरून स्वच्छ दिसेल अशी. नाडी अर्धी कापलेली, फुलांचं कव्हर एका बाजूला लोंबतंय. दुसऱ्या दिवशी जाऊ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "इतकं वाढलं का गं भावजींचं? पार मिटिंगला जायची पाळी आली?" बारसमोर गाडी दिसायची तेव्हा हिचा आवाज खाली गेला नव्हता. कारखान्यातही ह्यांची थट्टा झाली. हे घरी येऊन जेवले नाहीत, लवंग चघळत अंगणात बसून राहिले. त्या संध्याकाळी मला खरी भीती वाटली. मी मशीन ओढून अंगणातच घेतलं आणि त्यांच्याजवळ बसून शिवत राहिले. पण शनिवारी हे पुन्हा मिटिंगला गेले.

त्या शनिवारी लेक नेहमीच्या एसटीनं आली नाही. एसटी थांबली, दोन-चार माणसं उतरली, आणि गेली. मी दारात उभी होते. तिला फोन केला, उचलला नाही. नसरापूरहून येताना एसटी कामथडीवरूनच येते, आणि शाळेचं फाटक खिडकीतून दिसतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला नको नको ते सुचायला लागलं. चप्पल घालून मी हायवेपर्यंत गेले.

मग गाडीचा आवाज आला. वर्षानुवर्षांच्या सवयीनं मी आधी कान दिला. आवाज सरळ होता, एका लयीत. गाडी वळणावर हळू झाली आणि मला दोघं दिसले. लेक मागे बसली होती. तिचे हात त्यांच्या खांद्यावर नव्हते. तिनं सीटमागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि अंग मागे रेललं होतं, केव्हाही उडी मारता येईल असं. पण बसली होती.